आप्पांच्या पानावर

बुऱ्हाणपुरात आखाजी आल्याचं पंचांगाच्या आधी नाकाला कळतं. तापीच्या वाळूत पिकलेली डांगरं बैलगाड्यांतून गावात येतात आणि वेशीपासून बाजारापर्यंतचा सगळा रस्ता त्या गोड, जराशा उग्र वासानं भरून जातो. डांगर म्हणजे आपलं खरबूज. पण खरबूज म्हटलं की मला ते परगावचं वाटतं. डांगरांच्या शेजारी कुंभार बसतात. गवतात गुंडाळलेल्या लाल घागरी ते एकेक करून उतरवतात आणि बायका त्या टिचकीनं वाजवून बघतात. परवा मीही वाजवून बघितल्या. पाच नापसंत केल्या, सहावी घेतली, आणि ती कडेवर घेऊन येताना वाटेत उगाचच थांबून राहिले. ऊन मी म्हणत होतं, थांबण्याजोगं तिथं काही नव्हतं.

यंदा मन असं मागं मागं का जातंय ते मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा चालू युद्धात पलटणीबरोबर इजिप्तला गेलाय. तो पंधरा दिवसांच्या रजेवर आला, तेव्हा सगळ्या गल्लीनं मिळून त्याला जेवण केलं. पहिल्या पंगतीत, अगदी मधोमध बसवलं. समुद्र किती ओलांडलास, कुणाच्या हातचं खाल्लंस, असं एकानंही विचारलं नाही. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, "तिकडं आंब्याचा रस भेटते का रे?" मी पोळ्या वाढत होते. वाढता वाढता माझे डोळे भरून आले. बायकांना वाटलं, चुलीचा धूर लागला असेल. मी वाटू दिलं. मुलगा मजेत चार पोळ्या खाऊन उठला. पंगतीत मधोमध बसणं ही काय चीज असते ते त्याला माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं आहे.

पंचांगवाले आखाजीला अक्षय्य तृतीया म्हणतात. म्हणोत. आमच्याकडे हा सण दोघांचा: सासरी गेलेल्या मुलींचा आणि देवाघरी गेलेल्या माणसांचा. दोघंही त्या दिवशी घरी येतात. मुलींसाठी कडुनिंबाला झोके बांधले जातात, त्यांना चार दिवस कुणी काम सांगत नाही, बोलायला-हसायला मज्जाव करत नाही. आणि पितरांसाठी घागर भरतात. नव्या लाल घागरीत पाणी, तिच्या तोंडावर लहान मडकं, मडक्यावर डांगर, शेजारी पुरणपोळी आणि सांजोरी. वैशाखाच्या उन्हात तहानलेला जीव वर्षभर त्या घागरीची वाट बघतो, असं आमच्या आयाबाया सांगत आल्या. घागर भरायची मुलानं. आणि ज्याच्या नावाची घागर, त्याच्या नावानं एक माणूस जेवायला बोलवायचा. माणूस आपल्या जातीतला, वयानं साधारण तेवढाच. त्याला पितर म्हणायचं. त्याचे पाय धुवायचे, त्याला गंध लावायचं, पहिलं पान त्याला वाढायचं. त्या जेवणापुरता तो स्वतःचा कुणी नसतो. त्या घरातला गेलेला माणूस असतो. त्याला कुणी त्याच्या नावानं हाकही मारत नाही. हे मी इतकं फोड करून सांगतेय, कारण पुढचं सगळं या एका रीतीवर उभं आहे.

मागचं महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ती आखाजी. मी वीस वर्षांची होते. माझं सासर दापोऱ्याचं, केळीचं आणि कपाशीचं शेत असलेलं. माहेर बुऱ्हाणपुरातलं. आमचे आप्पा मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून मला लिहायला-वाचायला येत होतं. सासरी ती एक गमतीची गोष्ट समजली जायची. त्या वर्षी मी माहेरी निघाले तेव्हा सासूबाईंनी गाडीत पाण्यानं भरलेली एक कळशी ठेवली. "भावाच्या घरचं पानी पिऊ नको. आपलं पानी पुरवून पुरवून पी," म्हणाल्या. चार दिवस एका कळशीवर काढायचे, तेही वैशाखात. मी मान डोलावली. वेशीपाशी पोचल्यावर गाडी थांबवून ती कळशी मी बैलांना पाजली. गाडीवान तोंड फिरवून हसत होता. त्या बैलांइतकं धर्मानं पाणी प्यालेले बैल दापोऱ्यात दुसरे नसतील.

भावाच्या घरचं पाणी वर्ज्य, कारण माझा भाऊ, दामूदादा, समुद्र ओलांडून आला होता.

दादा मॅट्रिकपर्यंत शिकलेला. युद्ध चालू असताना सरकारनं मजुरांच्या पलटणी उभ्या केल्या आणि त्यांना रस्ते बांधायला, ओझी उतरवायला परदेशी पाठवलं. दादा अशा एका पलटणीचा कारकून म्हणून गेला. आधी बसऱ्याकडे, मग फ्रान्समध्ये. मजुरांची पत्रं लिहून देणं हे त्याचं निम्मं काम होतं. स्वतःची पत्रं तो मला लिहायचा, आणि मी ती आईला वाचून दाखवायला दापोऱ्याहून यायचे. पत्रात गावाचं नाव लिहायला बंदी होती. पलटण कुठं आहे, कुठं निघाली, हे लिहिलं की साहेब लोक त्या ओळीवर काळी शाई फिरवत. पहिली दोन पत्रं अर्धी काळी आली. मग दादानं युक्ती काढली. माणसं कुठं आहेत ते लिहायचं नाही, ती जेवायला कशी बसतात ते लिहायचं. पाहुण्याला काय म्हणतात, मयताला कसे जमतात, सुगीला काय करतात. यावर शाई फिरवायचं साहेबाला काही कारणच नव्हतं. त्यामुळं माझा भाऊ जगाच्या नकाशावर कुठल्या ठिपक्यावर आहे ते आम्हांला तो परत येईपर्यंत कळलं नाही. पण तिथल्या माणसांच्या घरात आम्ही थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो.

बसऱ्याकडच्या एका खेड्यात बोरूसारख्या उंच गवताचं बांधलेलं मोठं पाहुणेघर होतं. तिथं सगळे गोल बसतात आणि कान नसलेल्या इवल्याशा पेल्यात घोटभर कडू कॉफी देतात. पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. दादाला तीन पेले झाल्यावर पुरे झालं. आपण पानावर आडवा हात धरतो तसा त्यानं पेल्यावर धरला. तर वाढणारा म्हातारा घाबरून पेल्यात डोकावला, आत माशी पडली की काय म्हणून. त्यानं पेला धुतला आणि पुन्हा भरून दिला. असे आठ पेले झाले. तेव्हा शेजारच्यानं दाखवलं, की नको असेल तर पेला हातात धरून जरासा हलवायचा. आई हे ऐकून पोट धरून हसली होती. "आग्रह सगळीकडं सारखाच म्हनायचा," ती म्हणाली, "नाही म्हनायची रीत तेवढी वेगळी."

फ्रान्समधल्या पत्रात गव्हाची कापणी होती. गावातले तरणे पुरुष लढाईवर, म्हणून बायका आणि म्हातारे एकमेकांच्या शेतात जायचे, आज हिच्या, उद्या तिच्या. दुपारी अंगणात पिंपांवर फळ्या टाकून सगळे एका रांगेत जेवायचे. परातीएवढी एकच भाकरी. घरातला वडीलधारा माणूस ती छातीशी धरतो, सुरीनं तिच्या पाठीवर फुलीची खूण करतो आणि मगच कापतो. फुली केल्याशिवाय सुरी लावली तर आजीबाई ओरडतात. दादानं लिहिलं होतं, "आपली आई पहिली भाकरी गाईला काढून ठेवते, तसं काहीसं असावं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं."

या पत्रांनी मला एक खोड लावली, ती अजून सुटली नाही. कुठल्याही देशाचं नाव कानावर आलं की मला तिथला राजा, तिथलं सैन्य काही आठवत नाही. तिथं माणसं कशी बसतात, आधी कोण हात घालतो, उठताना काय म्हणतात, हे डोक्यात येतं. शाळेत आता मी मुलींना भूगोल शिकवते. पहाड आणि नद्या झाल्या की पाच मिनिटं यासाठी राखून ठेवते. तपासनीस आले की तो भाग गाळते.

दादा परदेशात असतानाच, पौषात, आप्पा गेले. आम्ही पत्र पाठवलं, ते त्याला चैत्रात मिळालं. वैशाखात आखाजी आली. आप्पांची पहिली घागर भरायला मुलगा घरी नव्हता. चुलतभाऊ भरतो म्हणाला, पण आईनं नाही म्हटलं. "दामू जितं हाय. तो आल्यावर भरन." त्या वर्षी आमच्या घरात आप्पांची घागर भरली गेली नाही. सगळा उन्हाळा आई पाण्याचा पेला तोंडाला लावायची आणि मध्येच थांबायची. आपला माणूस तहानलेला आहे आणि आपण पाणी पितोय, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. याला कुणी अडाणीपणा म्हणो. मी तिच्यासमोर बसलेली असायचे, मला तसं म्हणता येत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी दादाचं पत्र आलं. ते मी किती वेळा वाचलं असेल. त्यांच्या छावणीशेजारी चिनी मजुरांची छावणी होती. वसंतात त्यांचा एक दिवस असतो. त्या दिवशी ते आपल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून समोर ठेवतात, भाताच्या वाट्या आणि चहाचे पेले मांडतात, वाकून नमस्कार करतात आणि मग तोच भात मिळून खातात. दादानं ते कुंपणाशी उभं राहून पाहिलं होतं. पुढं आखाजीची तिथी आली. त्यानं शिध्यातली डाळ-रोटी आणि गुळाचा एक खडा पत्र्याच्या ताटलीत वाढला, पाण्याचा डबा भरून ठेवला. पान मांडलं, पण पितर कोण? पलटणीत आपल्या जातीचा एकही माणूस नव्हता. तेवढ्यात त्या चिन्यांचा पन्नाशीचा मुकादम कुंपणापाशी आला. त्यानं ताटलीकडे बघितलं, दादाकडे बघितलं. दादानं ओठांवरून हात फिरवून आप्पांची मिशी दाखवली आणि मग बोट वर केलं. म्हातारा समजला. आत आला, हात धुतले, ताटलीला तीनदा वाकून नमस्कार केला आणि बसून सगळं जेवला. शेवटी ताटली बोटानं निपटून घेतली आणि दादाच्या डोक्यावर हात ठेवून गेला. पत्राच्या शेवटी दादानं लिहिलं होतं, "गोदे, आप्पा त्या दिवशी जेवले. आईला सांग."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याचं भलं होवो. पन घागर इथंच भरली पाह्यजे." त्या पत्राबद्दल आम्ही तिघांनी बाहेर चकार शब्द काढला नाही.

दादा परत आला तो माघात. स्टेशनावरून घरापर्यंत त्याच्या मागं पोरांचा घोळका होता आणि घरी पोचल्यावर चार दिवसांत जातीचे पंच जमले. पंचांचे प्रमुख नारायणतात्या. आप्पांचे जिवलग. दोघं वीस वर्षं रोज पहाटे तापीवर आंघोळीला जायचे आणि एकमेकांची पाठ चोळून द्यायचे. तात्या माणूस कडक, पण वाईट नव्हते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. डोकं भादरायचं, पंचगव्य घ्यायचं, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की परमुलखात भलत्या लोकांच्या पंगतीला बसलो हे पाप केलं. तोवर हुक्का-पाणी बंद, म्हणजे सगळं घर वाळीत.

"इतकं म्हन अन् मोकळा हो," तात्या म्हणाले.

"डोकं भादरतो, तात्या. पंचगव्य पन घेतो," दादा म्हणाला. "ते वाक्य नाही म्हनत."

"काहून?"

"ते पाप नव्हतं."

पुढं तात्यांनी तासभर समजावलं. दादा एकच उत्तर देत राहिला. चिनी म्हाताऱ्याचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. आप्पांचं पान भांडणात ओढायचं नाही, असं त्याचं म्हणणं. रात्री जेवताना आई म्हणाली, "तोंडानंच तं म्हनायचं हाय, दामू." दादा म्हणाला, "माय, ज्यानं माझ्या बापाचं पान घेतलं, त्याच्यासोबत बसलो हे पाप म्हनू? मग आप्पा त्या दिवशी कोनाच्या तोंडानं जेवले?"

आखाजी आठ दिवसांवर आली तशी आई पितर शोधायला घराबाहेर पडली. मी पोचले तोवर तिची सात घरं फिरून झाली होती. नाही असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं, आमचं गाव एवढं उद्धट नाही. एकाचं पोट बिघडलं होतं. एकाला नेमकं त्याच दिवशी खकनारला जायचं होतं. एकानं तर आपलं वय आप्पांपेक्षा चार वर्षांनी कमी आहे असं सांगितलं, आणि तो आप्पांच्या बरोबरीनं शाळेत होता. सात घरांतून परत येऊन आई डाळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आली का गोदा? पानी पी." मी दोन तांबे प्याले.

आता मला कळतं, त्या सात घरांतल्या कुणालाच आप्पांशी वैर नव्हतं. जगात जिथं जिथं माणसं एकत्र बसतात, तिथं शेजारी कोण बसायचा याचे नियम असतातच. फळ्यांच्या रांगेत असतील, गवताच्या पाहुणेघरात असतील. नियम मोडायला कुणाला भीती वाटत नाही, सगळ्यांत आधी मोडायला वाटते. पण हे शहाणपण चाळिशी ओलांडल्यावर आलेलं आहे. विसाव्या वर्षी माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मुलींची लढाई असते. उन्हाळ्यात तापी आटून ओढ्याएवढी होते. एका काठाला एका पुऱ्याच्या लेकीसुना, दुसऱ्या काठाला दुसऱ्या पुऱ्याच्या, आणि मध्ये गुडघाभर पाणी. एकमेकींना मनसोक्त शिव्या द्यायच्या. कुणाचं वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही. नियम एकच, की वाळूत बोललेलं घरी न्यायचं नाही, आणि त्यावरून कुणी रुसायचं नाही. वर्षभर पदर तोंडात धरून बसणाऱ्या बायका त्या एका संध्याकाळी काय काय बोलायच्या ते मला अजून आठवतं, पण इथं लिहिण्याजोगं नाही.

समोरच्या पुऱ्याच्या सेनापती राधाकाकू. तात्यांची बायको. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं भक्कम, आणि त्यांना उत्तर देऊन कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. "अगं ए पोरींनो," त्यांनी कमरेवर हात ठेवून सुरुवात केली, "तुमच्या माया कुरडया तळतात का जुन्या चपला? काल खाल्ली ती अजून चावून राह्यली."

"काकू, तुमची सांजोरी फोडाले तं लोहार बोलवा लागला," मी ओरडले. आमच्या बाजूच्या मुली खिदळल्या. मलाही चेव आला होता. दोन घटका मी खरंच सगळं विसरले होते.

काकूंना उत्तर झोंबलं. त्या पाण्यात दोन पावलं पुढं आल्या. "गोदे, तू कायले एवढी उडून राह्यली वं? तुझ्या घरी तं औंदा पितरच उपाशी."

वाळूत सगळं चालतं, म्हणून त्या बोलून गेल्या. पण त्यांच्या बाजूच्या मुलीही हसल्या नाहीत. काकूंच्या चेहऱ्यावरून दिसलं, की तोंडातून निसटलं ते त्यांनाही परत घ्यावंसं वाटत होतं. आणि माझ्या तोंडून जे आलं, ते मी ठरवून बोलले नाही.

"उपाशी नाही, काकू. माझ्या बापाचं पान मागच्या आखाजीले समुद्रापार वाढलं होतं. एक चिनी म्हातारा बसला त्या पानावर. ना जात माहीत, ना बोली. पन आपलाच बाप समजून जेवला, एक शीत टाकलं नाही. तिकडं परका माणूस भेटला. अन् इथं आप्पानं अर्ध्या गावाच्या पोराईले अक्षर शिकवलं, तं त्याच्या पानासाठी एक माणूस उठत नाही. वीस वर्सं तापीवर त्याच्याकून पाठ चोळून घेनारा पन नाही."

राधाकाकूंनी पदर खोचला, त्या वळल्या आणि वाळूतून चालत्या झाल्या. त्या वर्षीची लढाई आम्ही जिंकली, असं दोन लहान मुली ओरडल्या. त्यांना मोठ्या मुलींनी गप्प केलं.

घराकडे निघाले. मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. परक्यांच्या पंगतीला बसणं हा एक गुन्हा. पण बापाच्या पानावर परदेशी माणूस बसवणं, हे ऐकल्यावर कोण दारात उभं राहणार होतं? आमच्या घरातल्या तिघांचं गुपित मी सगळ्या गावासमोर वाळूत ओतलं होतं. वाळूत बोललेलं घरी न्यायचं नाही हा नियम खरा, पण ही बातमी माझ्या आधीच गावात पोचली असणार.

दादा अंगणात नवी घागर पाण्यात भिजत घालत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं घागर उलटी करून निथळायला ठेवली. "आता कोनी येत नाही, गोदे," तो म्हणाला. "चाल, एक बरं झालं. आप्पा जेवले होते, हे गावाले कळलं."

आई आतून म्हणाली, "पान मी मांडनार. कोनी येवो, नाही येवो."

आखाजीच्या दिवशी सकाळी दादानं घागर भरली. तिच्यावर मडकं, मडक्यावर डांगर. उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेत आईच्या सांगण्याप्रमाणं कुंकवाची बोटं ओढली, शेवटचं आप्पांचं. आईनं पुरणपोळ्या केल्या, रस काढला. दापोऱ्याहून मी केळीची पानं आणली होती, त्यांतलं सगळ्यात मोठं पान पाटासमोर मांडलं. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून झाला. आता फक्त पितर यायचा होता. उन्हं कलायच्या आत पितर जेवला पाहिजे. सावली अंगणातून सरकत भिंतीला लागली. समोरच्या घरांची दारं अर्धी उघडी होती आणि प्रत्येक दारामागं कुणी ना कुणी होतं. पोळीवरचं तूप थिजायला ऊन देत नव्हतं, तेवढीच काय ती मेहेरबानी.

दार अडवून कुणी तरी उभं राहिलं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात धुतलेली बंडी, पायांत काही नाही. नारायणतात्या. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. घागरीकडे बघितलं आणि म्हणाले, "पानी आना. पाय भाजून राह्यले."

दादा तांब्या घेऊन धावला. त्यानं इतक्या घाईनं ओतलं, की निम्मं पाणी पायांवर आणि निम्मं तात्यांच्या धोतरावर पडलं. तात्यांनी दुसरा पाय पुढं केला. दादानं त्यांना गंध लावलं, ते पाटावर बसले. आई मधल्या दारात पदर घट्ट धरून उभी होती.

घरी काय घडलं ते राधाकाकूंनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. "मी काही भांडली नाही वं," त्या म्हणाल्या. "रात्रभर ते आढ्याकडं पाहत होते. सकाळी मी इतकंच म्हनलं, की तुमच्या मागं तुमच्या पानावर कोन बसन ते आजच सांगून ठेवा, मले ऐन वख्ती सात घरं फिरनं होनार नाही."

दादानं वाढलं. पोळी, रस, कुरडई, भात. तात्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं. आता घास उचलायचा. त्यांनी उचलला नाही. हात मांडीवर ठेवून पानाकडे बघत बसले. मला वाटलं, उठतात आता. दारांमागच्या लोकांनाही तेच वाटलं असणार, कारण दोन दारं पूर्ण उघडली.

"दामू," तात्या म्हणाले, "दुसरं पान मांड."

"कोनासाठी, तात्या?"

"मी आज तात्या नाही." ते शेजारच्या जागेवर डावा हात आपटत म्हणाले, "बाप जेवते अन् पोरगा दारात उभा राह्यते, हे कोन्त्या मुलखात असते? बस."

मी पान मांडलं. दादा बसला. आईनं स्वतः बाहेर येऊन त्याला वाढलं. तात्यांनी पहिला घास उचलला, आणि दादाचा घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत तो तसाच हातात धरून ठेवला.